पॉलिशचा वास

पॉलिशवाल्याला तो गट कामावर असताना सापडला. एका शाळेतल्या जुन्या टेबलांना लाखेचं पॉलिश करून तो संध्याकाळी निघाला होता. चित्रकलेच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला म्हणून त्यानं डोकावून पाहिलं, तर मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन मोठी माणसं बसलेली. एक जण आपण सासऱ्यांच्या मांडीवर कसे कोसळलो ते सांगत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. ही दारू सोडलेल्यांची बैठक असल्याचं शिपायानं सांगितलं. पिऊन हसणारे पॉलिशवाल्यानं पुष्कळ पाहिले होते. कोरडे हसणारे तो पहिल्यांदाच पाहत होता.

पुढच्या आठवड्यात तो आत जाऊन बसला.

तिथं खरी नावं कुणी वापरत नसे. वायरमनला फ्यूज म्हणत, कारण आपण कधी उडू याचा नेम नाही असं त्यानंच सांगून ठेवलं होतं. बैठक चालवणारे म्हातारे कंपाउंडर सगळ्यांचे काका होते. पॉलिशवाला चकाचक झाला. रीत साधी होती. ज्यानं त्यानं स्वतःपुरतं बोलायचं, दुसऱ्याबद्दल नाही. आणि कुणी पिऊन आला तरी त्याला हाकलायचं नाही.

त्यानं दारू सोडली. सुरुवातीला हात इतके थरथरत की मालकानं त्याला नुसतं काचपेपर घासायला बसवलं. हळूहळू हात स्थिरावला आणि पॉलिश लावायचा बोळा पुन्हा त्याच्याकडे आला.

बायको मुलीला घेऊन भावाकडे राहत होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि तो वास कपड्यांत, केसांत, नखांत मुरतो. त्या वासाच्या आड तो वर्षानुवर्षं प्यायला होता. कामच तसं आहे, असं तो म्हणायचा आणि तिला ते पटायचं. एकदा सुट्टीच्या दिवशीही तोच वास आला, तेव्हा तिचे डोळे उघडले.

आता त्यानं फोनवर दारू सुटल्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मी येऊन बघते. खरं असेल तर परत येईन, नाहीतर मुलीचं नाव इथल्याच शाळेत घालीन. बैठकीला घरच्यांना बसता येत होतं.

त्या दिवशी रजा घ्यावी असं त्याच्या मनात आलं होतं. पण आपण नेमानं कामाला जातो हे तिला दिसावं म्हणून तो मुद्दाम कामावरून थेट आला. त्याच्या स्वतःच्या नाकाला तो वास केव्हाच येईनासा झाला होता.

ती शेजारी बसली आणि थोड्या वेळानं तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. त्याची पाळी आली तेव्हा, आपण थेंबालाही शिवलेलो नाही, असं तो म्हणाला. नेहमीसारख्या टाळ्या पडल्या. त्या विरायच्या आत तिनं विचारलं, "काका, हे खरंच पीत नाहीत का?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "बाई, इथं दुसऱ्याचं कुणी सांगत नाही."

"नाही पीत, एवढं म्हणायला काय जातं?"

तिनं फ्यूजकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "वहिनी, आम्ही त्याला काही विचारत नाही. येतोय ना, तेवढं पुष्कळ आहे."

पिऊन येणाऱ्यांबद्दल तिथं याच सुरात बोलत. पॉलिशवाल्याला ते ओळखू आलं.

"म्हणजे मी पितो असं तुम्हालाही वाटतं?"

"चिडू नकोस, चकाचक," काका म्हणाले. "कसाही आलास तरी दार उघडंच आहे."

"अरे, हा पॉलिशचा वास आहे."

मागे बसलेली दवाखान्यातली आया म्हणाली, "मी खोकल्याच्या औषधाचा सांगायचे." सगळे हसले. कुणाच्याही हसण्यात दुष्टावा नव्हता.

बायको उठली. तो तिच्यामागे व्हरांड्यात गेला.

"अहो, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण मला कळायचं कसं? जन्मभर तुमचा शर्ट हुंगत बसू?"

काम सोडतो, तो म्हणाला. दुसरं काय येतं तुम्हाला, असं तिनं विचारलं. मुलीला अधूनमधून भेटत जा, एवढं सांगून ती जिना उतरली.

तो आत येऊन बाकावर बसला. काही बोलायचंय का, काकांनी विचारलं.

"कामावर स्पिरिटचा डबा असतो," तो म्हणाला. "इतके दिवस तो मला नुसता कामाचा माल वाटायचा. आता प्यायलो काय, न प्यायलो काय, वास तोच. आज मी पिणार."

या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत. त्याच्या या बोलण्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला.

"ते विष आहे," काका म्हणाले. "आधी डोळे जातात."

"मग दुकानातली पिईन."

बैठक संपली, बाक भिंतीला लागले. पॉलिशवाला फाटकातून बाहेर पडला तेव्हा फ्यूज त्याच्या बरोबरीनं चालू लागला.

"मला अडवू नकोस."

"अडवत नाही. मलाही त्याच रस्त्यानं जायचंय," फ्यूज म्हणाला. "आणि आज तुझं ऐकल्यापासून माझ्या तोंडाला पाणी सुटलंय."

दुकानांचे दिवे लागले होते. दोघंही हळू चालत होते.