दोन बोटं वाढलेली कंबर

मी कटिंग मास्तर. माणसाच्या शब्दापेक्षा टेपवर माझा विश्वास जास्त. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी चेकाळली, तेही आधी टेपनेच सांगितलं: कॉलर इंचभर वाढली, कंबर चार इंच घटली. हात इतके थरथरत की कात्री खडूच्या रेघेवर राहीना.

"तुमच्याच शरीराची संरक्षणयंत्रणा ग्रंथीला चिथावतेय," सर्जन म्हणाले. म्हणजे घरभेदीच की! "ऑपरेशन करून ग्रंथी काढू. पण आधी गोळ्यांनी ती शांत व्हायला हवी, नाहीतर जिवावर बेतेल."

बायको रोज सकाळी हातावर गोळी ठेवायची. महिन्याभरात कंबर दोन बोटं वाढली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आधी गळा सुजला, आता औषधाने पोट सुजणार! त्यात बायको आणि धाकटा भाऊ दुकानात कुजबुजताना दिसले. मी दिसताच दोघं गप्प. दुकान भावाच्या घशात घालायचा बेत, दुसरं काय? मग मी गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकू लागलो. थरथर थांबवणारी दुसरी गोळी मात्र इमानदारीत घ्यायचो, कात्री चालायला हवी ना.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन खोलीत आले. "जरा थांबावं लागेल."

मी बायकोवर उसळलो. "केलीस ना चहाडी? गोळ्या थुंकतो म्हणून सांगितलंस!"

"तातडीचा पेशंट आलाय, तासभर उशीर होईल, एवढंच सांगणार होतो," सर्जन म्हणाले. चोराच्या मनात चांदणं! "किती दिवस थुंकताय?"

"तीन आठवडे."

"रक्ताचा रिपोर्ट त्याआधीचा, आणि नाडी दुसऱ्या गोळीने आवरलेली. आम्ही फसलो असतो आणि तुम्ही ऑपरेशन टेबलावरच गेला असतात. अहो मास्तर, कंबर भरत होती म्हणजे गोळी लागू पडत होती!"

ऑपरेशन पुढे ढकललं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानातल्या कुजबुजीचा संशयही मी बायकोला सांगून टाकला.

"तुम्ही वाचाल ना, एवढंच भावजींना विचारत होते हो मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी दिली. मी गिळली. बायको समोरून हलली नाही.

"तोंड उघडा," ती म्हणाली. "जीभ वर करा."

सोळा वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर पहिल्यांदाच संशय घेतला होता.