शेपटीला एकेचाळीस

ऑर्व्हलने चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड म्हणून काढली, पण निवृत्तीनंतरही गाडी काही त्याच्या डोक्यातून उतरली नाही. मोंटानाच्या घाटमाथ्यावर आमचं घर रुळांना लागूनच. स्वयंपाकघरात रेडिओ आणि लॅपटॉप मांडून माझा नवरा दिवसभर बसायचा. मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर एक पेटी असते. ब्रेकच्या नळीत हवेचा दाब किती आहे, ते ती रेडिओवरून इंजिनाला कळवत राहते. ऑर्व्हलचा रेडिओ ते ऐकायचा आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर आकडे उमटायचे.

"माझं बोलणं एका कानानं ऐकतोस, आणि त्या डबड्याचं दोन्ही कानांनी," मी म्हणायची.

"डबडं टोमणे मारत नाही."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमची मुलगी सिग्ने गव्हाची गाडी घेऊन माथ्यावर थांबली होती. ती इंजिन चालवते. इंजिन डोंगरापलीकडे, शेपूट आमच्या खिडकीसमोर.

रेडिओवर तिचा आवाज आला. "कंट्रोल, मागच्या पेटीचा संपर्क तुटलाय. शेवटचा आकडा नव्वद होता, म्हणजे पुरेसा. उतरू का?"

"उतर, पण हळू."

ऑर्व्हलच्या स्क्रीनवर मात्र त्रेचाळीस होते. बघता बघता एकेचाळीस झाले. त्यानं फोन उचलला. रेल्वे फाटकावरच्या पाटीवर कंट्रोलचा आणीबाणीचा नंबर असतो, तो त्याला पाठ होता.

"शेपटीला हवा पोचत नाहीये! मागचे ब्रेक इंजिनाच्या हातात नाहीत. गाडी उतरू देऊ नका!"

"आपण कोण?"

"त्या पोरीचा बाप. आणि चौतीस वर्षं तुमचाच गार्ड."

मग रेडिओ बोलला, "सिग्ने, जागची हलू नकोस. तुझे वडील म्हणतायत, शेपटीला एकेचाळीसच आहे."

"मग एकेचाळीसच असणार," ती म्हणाली.

गाडीवरचा तिचा जोडीदार ड्वायर बर्फ तुडवत मागे निघाला. पाऊण तास आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. मी ऑर्व्हलचा हात धरला होता. शेवटी ड्वायरचा आवाज आला. साठाव्या डब्यापाशी बर्फाचं ढेकूळ आदळून ब्रेकच्या नळीचा कॉक फिरून बंद झाला होता. त्यामागे हवा जातच नव्हती.

त्यानं कॉक उघडला. एकेचाळीस. अठ्ठेचाळीस. त्रेसष्ट. मी स्क्रीनवरचे आकडे मोठ्यानं वाचत होते. अठ्ठ्याऐंशीला ऑर्व्हलनं टेबलावर डोकं टेकलं आणि तो हुंदके देऊन रडला.

दोन तासांनी खालच्या स्टेशनातून सिग्नेचा फोन आला.

"बाबा, जेवलास का?"

"नाही."

"मग जेव आता. माझ्याही पोटात कावळे ओरडतायत."

त्यानं राजम्याच्या सूपचे तीन वाडगे संपवले. मी नुसती वाढत राहिले.