एका शिंगाचा गयाळ आणि तोंडभर कडू पाणी

मी एक जुनी गुडगुडी आहे, आणि सुइनेमचं वानलियानशी लग्न मी जुळवून दिलं. लग्न थाटात झालं. सगळा डोंगर जेवून गेला.

मित्रांनो, आता हे विसरा. असं काही झालं नाही. आमच्या तलांगझार गावात कोणालाही विचारा. तो आधी स्वतःचा गाल चाचपेल आणि मग म्हणेल, "कसलं लग्न? बोलणी चालू आहेत."

तेव्हा रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करते.

माझं डोकं मातीचं, पोट बांबूचं आणि मान बारीक वेळूच्या नळीची आहे. डोक्यात विस्तव असतो आणि पोटात पाणी. उलट असतं, म्हणजे पोटात आग आणि डोक्यात पाणी, तर मला माणूस म्हणाले असते. मला ह्रांगमांगने घडवलं. त्याची बायको लवकर गेली होती आणि एकुलती एक मुलगी सुइनेम ओढायच्या वयाची झाली होती. आईने करायचं काम बापाला करावं लागलं. माझ्या आधीची तीन डोकी चुलीत भाजताना तडकली. मी चौथी. त्या तीन भावंडांविषयी घरात कोणी बोलत नाही.

आमच्या डोंगरात धूर बायकांचा आणि पाणी सगळ्यांचं. बाई माझ्या पोटात पाणी भरते, डोक्यात तंबाखू दाबते, वर निखारा ठेवते आणि पाठीवर टोपली घेऊन शेताची चढण चढता चढता मला ओढते. धूर पाण्यातून जातो. शेत येईपर्यंत पाणी चहासारखं होतं, घरी परत येईपर्यंत तव्याच्या बुडासारखं. मग ते छोट्याशा वाळक्या भोपळ्यात ओतून बूच लावायचं. कोणी आलं की भोपळा पुढे करायचा. पाहुण्याने एक घोट घ्यायचा, गालात धरायचा, जिभेवर कडू झणझणीत मुंग्या येऊ द्यायच्या आणि मग थुंकायचं. गिळायचं नाही. हे आमच्याकडे लहान मुलांना चालायच्या आधी कळतं. मोठ्यांचं पुढे बघूच.

सुइनेमचा तंबाखू साधा नव्हता. डुकरांच्या गोठ्यामागे वाढलेलं जाड पान ती चुलीवरच्या फळीला टांगून ठेवायची. धूर खाऊन खाऊन ते काळंठिक्कर आणि चिकट होई. त्यात खालच्या उतारावरचं बारीक, तिखट पान तळहातावर चुरून मिसळायची. किती, ते कोणाला सांगायची नाही. पहिल्यांदा हे मिश्रण माझ्या डोक्यात पेटलं तेव्हा आमच्या कोंबड्या उठून शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या.

माझी कीर्ती झाली. "तुझं पाणी चावतं गं," असं लोक सुइनेमला म्हणत. आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही. एकाची दाढदुखी थांबली. दुसरा आपलं घर कोणतं ते विसरला, पण ते त्याच्या बायकोला चाललं.

मुलगी स्वतःच्या हाताने स्वतःच्या भोपळ्यातलं पाणी एखाद्या मुलाला देते, त्याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. सुइनेमने ते वानलियानला दिलं. वानलियान पलीकडच्या कड्यावरच्या गावचा, लांब पायांचा, जरा ढिला मुलगा. त्याने ओसरीवर घोट घेतला आणि थेट झऱ्यापर्यंत धरून ठेवला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"कसं आहे?" सुइनेमने विचारलं.

त्याने मान हलवली.

"मान काय हलवतोस? मान रेडाही हलवतो. तोंडाने सांग."

वानलियान थुंकला, धापा टाकत झऱ्याच्या काठावर बसला आणि म्हणाला, "अजून दे."

मित्रांनो, मी मातीची आहे. तरी माझ्या डोक्यातला निखारा त्या वेळी कोणी न फुंकता लाल झाला होता.

मग बोलणी करायला वानलियानचा काका आला. रालउक त्याचं नाव. मान आखूड आणि आवाज लांब. आमच्या ओसरीवर एका बाजूला तो, समोर ह्रांगमांग आणि मधे गावातले सर्वांत वडील पंच, चुंगनुंग आजोबा. डुक्कर ठरलं. घोंगड्या ठरल्या. पितळी घंटा ठरली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की चुंगनुंग आजोबांना डुलकी लागली. मग ह्रांगमांगने अंगणाच्या टोकाला बांधलेल्या गयाळाकडे बघितलं. रालउक तो ह्रांगमांगला देण्यासाठी घेऊन आला होता; आमच्याकडे मुलाकडचे मुलीच्या बापाला देतात. गयाळ म्हणजे आमचा बैल, अर्धा रानातला, मीठ चाटायला घरी येणारा. याचं डावं शिंग बुडापासून गेलं होतं.

"रालउक," ह्रांगमांग म्हणाला, "हा गयाळ अर्धा आहे."

"अर्धा कसा? चार पाय आहेत. जाऊन बघ."

"शिंग एकच आहे."

"तो काय शिंगावर चालतो?"

"आमच्या अंगणात एका बाजूला कललेला दिसेल. लोक म्हणतील, ह्रांगमांगने पोरगी कललेल्या गयाळावर दिली."

"मग त्याचं तोंड भिंतीकडे करून बांध."

"तुझं बांधू का?"

इथे चुंगनुंग आजोबा जागे झाले. "अरे, भांडताय काय? घोट घ्या. तोंड भरलं की माणसाचं डोकं चालायला लागतं. आणि ऐका, जो आधी थुंकेल तो आधी बोलेल, आणि जो आधी बोलेल तो नमला. आपली जुनी रीत आहे."

ही रीत किती जुनी ते मला माहीत नाही. मी तोवर ऐकली नव्हती. पण चुंगनुंग आजोबा गावातले सगळ्यांत जुने, म्हणून ते बोलले की रीतही जुनी होत असे.

सुइनेमने भोपळा आणला. आता तिचा हिशोब ऐका. रालउक काकांच्या घरचं पाणी पातळ असतं, हे तिला ठाऊक होतं. तिने त्या दिवशी माझ्या डोक्यात फळीवरचं सगळ्यात जुनं, सगळ्यात काळं पान भरलं होतं आणि पहाटेपासून पाणी न बदलता ओढलं होतं. काका पटकन थुंकतील, बाबांचा मान राहील, दुसरा एखादा गयाळ येईल आणि लग्न होईल. हिशोबात चूक काहीच नव्हती. फक्त त्यात दोन पुरुष होते.

दोघांनी एकदम घोट घेतला. दोघांचे गाल एकदम फुगले. आणि दोघे बसून राहिले.

सावल्या आखडल्या आणि पुन्हा लांबल्या. रालउकचा चेहरा कच्च्या केळीच्या रंगाचा झाला. ह्रांगमांगच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि नाकावरून गुडघ्यावर. गाव अंगणात जमा झालं. कोणी भाजलेला मका आणला. वानलियान फाटकाशी उभा होता. 

"बाबा, थुंका," सुइनेम म्हणाली.

ह्रांगमांगने नकारार्थी मान हलवली.

"काका, तुम्ही तरी थुंका."

रालउकनेही तशीच मान हलवली. गयाळाचा विषय निघाल्यापासूनचं ते दोघांचं पहिलं एकमत.

मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रालउक हरला असता तर दुसरा गयाळ आला असता आणि लग्न झालं असतं. ह्रांगमांग हरला असता तर हाच गयाळ राहिला असता आणि लग्न झालं असतं. कोणीही थुंकलं असतं तरी लग्न होणार होतं. हे अंगणातल्या सगळ्यांना कळत होतं. गयाळालाही कळत असावं, कारण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सूर्य कड्याला टेकला आणि दोघांनीही एकाच क्षणी घोट गिळला.

पुढचं वर्णन मी करणार नाही. मी घरंदाज वस्तू आहे. एवढंच सांगते की दोघांना हातपाय धरून आत न्यावं लागलं, एकाला आमच्या घरात आणि दुसऱ्याला शेजारी, आणि आमच्या कोंबड्या तिथून उठून तिसऱ्या घरी गेल्या.

सकाळी चुंगनुंग आजोबांनी निवाडा दिला. "कोणी थुंकलं नाही. कोणी बोललं नाही. म्हणजे बैठक संपलेली नाही."

सुइनेम म्हणाली, "आजोबा, बैठकीतली दोन्ही माणसं आडवी आहेत."

"आडवी असू देत. बैठक चालू आहे. बैठक चालू असताना लग्न ठरलं म्हणता येत नाही. मोडलं म्हणता येत नाही. आणि दुसरं स्थळही बघता येत नाही."

"मग मी काय करू?"

आजोबांनी खूप विचार केला. "पाणी भर," ते म्हणाले.

त्याच दुपारी डुकरांच्या गोठ्यामागे वानलियान आला. मी सुइनेमच्या हातात होते, म्हणून सगळं ऐकलं.

"चल, पळून जाऊ. खाली कलेम्यो शहरात माझी मावशी आहे."

"बाबांना उलट्या होतायत."

"माझ्या काकांनाही होतायत."

"मग त्यांच्याजवळ कोण आहे?"

वानलियानने शेजारच्या घराकडे बघितलं.

"तूही इथे, मीही इथे, आणि ते दोघे एकटेच ओकतायत. असं पळून जायचं?" सुइनेम म्हणाली. "आणि मी गेले तर लोक म्हणतील, ह्रांगमांग हरला. बाबा त्यानेच मरतील. थांब थोडं. बाबा बरे झाले की त्यांना मीच बोलायला लावते."

वानलियान थांबला. तो चांगला मुलगा होता. चांगली मुलं थांबतात, हीच पंचाईत.

ह्रांगमांग बरा झाला, पण पोटाने. तोंडाने नाही. आधी बोलेल तो नमला, ही गोष्ट त्याच्या मनात बसली. गयाळाचं नाव तर तो घेईच ना, पण कोणतं वाक्य फिरत फिरत गयाळापर्यंत जाईल याची खात्री नसते, म्हणून बाकीचं बोलणंही त्याने कमी केलं. काही दिवस फक्त पावसापाण्याचं बोलायचा. मग लक्षात आलं की पावसावरून गवत निघतं आणि गवतावरून गयाळ. तेही बंद. सुइनेम रोज त्याच्यासमोर बसून मला ओढायची आणि म्हणायची, "बाबा, एक शब्द. चुकीचा बोललात तरी चालेल." तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. पलीकडच्या गावात रालउकही तसाच बसून असे, अशी बातमी येई. गयाळ रानात गेला आणि पुढच्या वर्षी दुसरंही शिंग मोडून परत आला. वाद मिटायला हवा होता. पण गावात नवा वाद सुरू झाला, की आता याला अर्धा म्हणायचं की बिनगयाळ.

वानलियान एक भात कापणी थांबला. मग आणखी एक. मग कलेम्योला उतरला आणि तिथून पुढे समुद्रापलीकडे कामाला गेला. तिकडे त्याचं लग्न झालं, तिथल्या बैठकीत म्हणे सगळे बोलले.

रालउक गेला. ह्रांगमांगही गेला. शेवटच्या दिवशी त्याने सुइनेमला जवळ बोलावलं, तोंड उघडलं, बराच वेळ उघडंच ठेवलं आणि मिटलं. ती दोनच तोंडं बैठक संपवू शकत होती. चुंगनुंग आजोबा म्हणाले, "आता तर संपवताच येणार नाही," आणि काही दिवसांनी तेही गेले.

सुइनेमने मला आणखी पुष्कळ वर्षं ओढलं. तिचं पाणी दरवर्षी जास्त कडू होत गेलं. तंबाखू तोच होता. चर्चचे पाळक प्रवचनात धुराला पाप म्हणायचे आणि संध्याकाळी मागच्या दाराने दाढेसाठी भोपळा मागायचे. मग गावात पाकिटातल्या सिगारेटी आल्या, बायका पान खाऊ लागल्या. सुइनेमला खोकला धरला. तिच्या चुलतभावाच्या सुनेने मला कॅलेंडरशेजारी खिळ्यावर टांगलं. माझ्या नळीत कोळी राहायला आला. मी आयुष्यभर आगीशी संसार केला होता, आता एका कोळ्याची चाळ झाले.

गेल्या हिवाळ्यात अंगणात जीप थांबली. तिच्यातून लांब पाय आधी उतरले, मग काठी, मग वानलियान. त्याची बायको वारली होती. डोक्यावर विणलेली टोपी, तोंडात नवे दात.

सुइनेमने त्याच्याकडे बघितलं, मला खिळ्यावरून काढलं आणि कोंबडीच्या पिसाने कोळ्याला बाहेर काढलं. फळीच्या अगदी मागे एक काळं पान अजून होतं. तिने ते चुरलं. ती खोकत खोकत ओढत राहिली, तो बसून राहिला. पाण्याला रंग आल्यावर तिने ते भोपळ्यात ओतलं.

"दात छान आहेत," ती म्हणाली.

"सगळे पूर्ण आहेत. एकही अर्धा नाही."

"घेणार?"

"डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"मग राहू दे."

त्याने भोपळा घेतला आणि घोट भरला. मग तिनेही भरला. दोघे ओसरीवर समोरासमोर बसले, त्याच दोन जागी. गाल फुगलेले. डोळ्यांतून पाणी. कोणी थुंकलं नाही. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. "आजोबा, चला! घाटात धुकं उतरेल!" वानलियानने हाताने थांब म्हटलं. पुन्हा हॉर्न वाजला. "आजोबा, इथेच राहायचं असेल तर तसं बोला!"

पण तो बोलणार कसा? आधी बोलेल तो नमला.

शेवटी तो उठला. फाटकाशी वळून बघितलं. जीप वळणावरून गेली तेव्हाही त्याचा गाल फुगलेलाच होता. सुइनेमने हात हलवला नाही. तिने घोट या गालातून त्या गालात घेतला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो. वस्तूंची काळजी घ्या. गुडगुडीची नळी आठवड्यातून एकदा पिसाने साफ करा, पाणी शिळं ठेवू नका, डोकं रिकामं तापवू नका. माणसांची काळजी कशी घ्यायची ते मला सांगता येणार नाही. त्यांच्यात पीस कुठून घालायचं ते मला कधीच कळलं नाही.

जाता जाता तलांगझारच्या पंचांना माझा एक अर्ज आहे. एक पंच वारले असून बाकीचे मुलांकडे परदेशी राहतात, तरी विनंती की, सदर गयाळ, डावे शिंग नसले तरी, त्या दिवशी पूर्ण होता असे मानण्यात यावे, कै. ह्रांगमांग व कै. रालउक यांनी गिळलेले पाणी थुंकले असे धरण्यात यावे. आणि वधू व वर या दोघांच्याही तोंडात सध्या घोट असल्यामुळे त्यांना संमती विचारू नये, ती पहिल्या दिवसापासून आहे असे समजण्यात यावे.