दोनशे चौपन्न कोरी पाने

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक डायरी ठेवली आहे. तुम्हाला वाचता येते. ती वाचण्याबद्दल तुम्हाला दरमहा पगारही मिळतो. तर मग तुम्ही काय कराल?

वाचू, असे तुम्ही म्हणाल, आणि एवढा सोपा प्रश्न विचारला म्हणून मला हसाल. हसा. पण मी एका पाच मजली कार्यालयात चार दिवस मुक्काम करून आले आहे. तिथल्या मोठ्या माणसांना हा प्रश्न सुटला नव्हता.

मी एक जुनी डायरी आहे. एका विमा कंपनीने नव्या वर्षाची भेट म्हणून मला छापून घेतले. दिवसाला एक पान, वर ठळक तारीख, आणि प्रत्येक पानाच्या तळाला सोनेरी अक्षरांत एक ओळ: ‘आम्ही सदैव आपल्या सोबत’. तीनशे पासष्ट पाने, तीनशे पासष्ट वेळा तेच. तेव्हा मला त्या ओळीचा फार अभिमान वाटायचा. जो खरोखर सोबत असतो तो दिवसातून एकदाही असे बोलून दाखवत नाही, हे मला घर मिळाल्यावर कळले.

मला घरी आणले ते बाबांनी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्या कामाच्या ठिकाणी सगळ्यांचा विमा या कंपनीकडे होता, म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक डायरी पडली. घरात आई होती, ती एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची निगा राखायची. आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी होती. गोळी गिळण्याआधी ती बराच वेळ गालात ठेवायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे.

खारूला फिट यायच्या. अपस्माराच्या. उभी असली तर पडायची, हातपायांना झटके यायचे, डोळे वर जायचे, आणि दोन-तीन मिनिटांनी सगळे थांबले की तिला काहीच आठवायचे नाही. डॉक्टरबाईंनी आईला सांगितले होते, “प्रत्येक फिट लिहून ठेवा. किती वाजता, किती वेळ, कोणती गोळी चालू होती.” आईने त्यासाठी मला निवडले.

तिची एक पद्धत होती. फिट आली तरच त्या दिवसाचे पान लिहायचे. नाही आली तर पान कोरे ठेवायचे. एकदा खारू माझ्या एका पानावर मासा काढायला बसली, तर आईने तिच्या हातातली पेन्सिल अलगद काढून घेतली.

“यात नाही, राणी. यात फक्त ते लिहायचं. बाकीची पानं कोरी राहू दे.”

त्या दिवसापासून खारू मला हात लावायलाही बिचकायची. माझ्यात काही लिहिले तर फिट येईल, असे तिच्या मनाने घेतले असावे. आई मात्र रोज सकाळी आदल्या दिवसाच्या कोऱ्या पानावरून एकदा तळवा फिरवायची आणि पान उलटायची.

सुरुवातीला पाने भरली. जानेवारीत एका कंपनीची गोळी होती, फेब्रुवारीत त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची आली. ‘सकाळी सात, दात घासताना, दोन मिनिटं.’ ‘शाळेत, फळ्यासमोर, तीन मिनिटं, जीभ चावली.’ अशी दहा पाने. मार्चअखेर डॉक्टरबाई म्हणाल्या, “औषध तेच असतं, पुष्कळ मुलांना कुठल्याही कंपनीचं चालतं. हिला दोनदा वेगळं देऊन पाहिलं, दोन्ही वेळा त्रास झाला. आता मूळ कंपनीची गोळी देऊ. आणि ती लागू पडली तर बदलू नका.”

लागू पडली. दोन एप्रिलला अकरावी आणि शेवटची फिट लिहिली गेली, आणि मग मी कोरी राहू लागले. एप्रिल कोरा, मे कोरा, जून कोरा. इतर डायऱ्या भरल्याचा तोरा मिरवतात. माझा तोरा उलटा होता. खारू सायकल शिकली, पडली, गुडघा फोडून घेतला, आणि आईने ते पान कोरेच ठेवले, कारण ते पडणे साधे पडणे होते. त्या पानाइतके सुंदर पान माझ्यात दुसरे नाही.

नोव्हेंबरात विमा कंपनीचे पत्र आले. खारूची गोळी महाग होती आणि तोवर विम्यातून मिळत होती. पत्रात लिहिले होते, ‘सदर औषध मंजूर यादीतून वगळले आहे. यादीतील दोन पर्याय वापरून ते निष्फळ ठरल्यास पुन्हा अर्ज करावा.’

बाबांनी ते दोनदा वाचले.

“म्हणजे मी असं करायचं,” ते म्हणाले, “लिफ्टला आधी साधा दोर लावायचा. माणसं भरायची. लिफ्ट पडली की मग साहेबांकडे चांगला दोर मागायचा.”

“दोन पर्याय वापरून झालेत की आपले,” आई म्हणाली. “सगळं लिहिलंय मी.”

मग फोन सुरू झाले. फोनवरचा आवाज सांगायचा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पाऊण तास एक धून वाजायची. खारूला ती इतकी पाठ झाली की ती दात घासतानाही गुणगुणायची. बाबा म्हणाले, “घ्या. विम्यातून मुलगी संगीत शिकली.” शेवटी पलीकडून कोणी माणूस बोललाच तर म्हणायचा, मूळ नोंदी कार्यालयात जमा करा. म्हणून आईने मला कापडी पिशवीत घातले, डॉक्टरबाईंची चिठ्ठी सोबत जोडली, आणि मी माझ्या जन्मदात्या कंपनीत माहेरपणाला गेले.

माहेर कसे होते ते ऐका.

तिसऱ्या मजल्यावर कागद स्कॅन करणारे दोघे बसायचे. त्यांच्या डोक्यावर भिंतीला सूचना चिकटवलेली होती: ‘कोरी पाने स्कॅन करू नयेत.’ एकाने मला हातात घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले.

“अरे, ही तर आपलीच डायरी.”

“खरंच वापरली कोणीतरी?” दुसरा म्हणाला. “माझी टेबलाच्या पायाखाली आहे. डुगडुगत होतं फार.”

मी वाकून पाहिले. माझी सख्खी बहीण तिथे चेपून पडली होती. त्या चार दिवसांत मी सगळे मजले पाहिले, आणि तुम्हाला सांगते, त्या इमारतीत काही उपयोगाचे काम करणारी ती एकटीच होती.

पहिल्याने बोटाला थुंकी लावली आणि माझी पाने उलटू लागला. भरलेले दिसले की यंत्राखाली. कोरे दिसले की पुढे. “कोरं, कोरं, कोरं,” तो पुटपुटत होता. एप्रिल ते डिसेंबर उलटायला त्याला मिनिटही लागले नाही. आई ज्या पानांवरून रोज हात फिरवायची, ती त्याच्या लेखी रद्दी होती. माझ्यातून अकरा पाने निघाली. अकरा पाने, अकरा फिट.

ती पाने पाचव्या मजल्यावर औषध सल्लागाराच्या टेबलावर गेली, आणि फायलीसोबत मीही. सल्लागार म्हणजे शिकलेला माणूस. भिंतीवर चौकटीत त्याच्या तीन पदव्या होत्या आणि त्या पुसायला एक स्वतंत्र फडके होते. तो चहात बिस्कीट बुडवत होता. डॉक्टरबाईंची चिठ्ठी सर्वांत खाली होती, आणि तिथवर त्याचा हात गेलाच नाही.

“अकरा नोंदी आणि अकराही दिवशी फिट,” तो सहायकाला म्हणाला. “औषध लागूच पडत नाहीये. मग महागडं कशाला? नामंजूर लिहा.”

बिस्कीट चहात विरघळून पडायच्या आत निर्णय झाला होता. प्रत्येक पानावर वर तारीख होती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, आणि शेवटची दोन एप्रिल. त्यानंतर काय झाले, असे त्याला विचारावेसे वाटले नाही. त्या तारखा काही आईने लिहिल्या नव्हत्या. त्यांच्याच कंपनीने छापल्या होत्या, ठळक अक्षरांत, म्हाताऱ्यांनाही दिसाव्यात म्हणून.

मित्रांनो, डायरीने शेवटी सांगायचे असते की वह्या जपा, पाने फाडू नका. तुम्ही ते करालच. मला दुसरेच सांगायचे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या टेबलावर कोणाची तरी पाने येतील. कोणी काही लिहिले नसेल, तर का लिहिले नसेल, एवढे विचारा. तेवढेही जमणार नसेल तर टेबलाच्या पायाखाली जाऊन बसा. निदान टेबल तरी हलणार नाही.

असो. नामंजुरी आणि मी घरी आलो तेव्हा खारूच्या आठ गोळ्या उरल्या होत्या. रोज दोन लागायच्या. मधली एक पट्टी बाबांनी पदरच्या पैशांनी आणली होती. महिन्यामागून महिना तसे करणे त्यांना झेपणारे नव्हते. अपील करता येत होते, आणि अपील दाखल झाले की निकाल लागेपर्यंत गोळी विम्यातून मिळत राहील, असा कंपनीचाच नियम होता. पण मुदत बारा डिसेंबरला संपत होती. त्या दिवशी दुपारी आई, बाबा आणि खारू मला घेऊन तळमजल्यावरच्या चार नंबरच्या खिडकीसमोर उभे राहिले. बाबा वाटेत लिफ्टचा आवाज ऐकून म्हणाले होते, “हिचं बेअरिंग गेलंय. यांनी तिचंही अपील नाकारलेलं दिसतंय.”

खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि काचेखालून परत सरकवले.

“हे सगळं आधीच आलंय. अपिलाला नवीन लेखी पुरावा लागतो.”

“मॅडम, तुम्ही ही कोरी पानं बघितलीच नाहीत,” आई म्हणाली. “फिट आली नाही म्हणून ती कोरी आहेत. तोच पुरावा आहे.”

“कोरं पान म्हणजे कागदच नाही ना, ताई. मी काय जमा करून घेऊ? त्यावर काही लिहिलेलं असेल तर घेते. खिडकी पाचला बंद होते.”

बाबांनी घड्याळाकडे पाहिले. तीन वाजायला पाच मिनिटे होती. आईने मला छातीशी धरले होते, आणि तिची बोटे माझ्या कडांवर घट्ट झाली होती.

पुढे काय निकाल लागला ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. महिन्याभराने मंजुरी आली. तीन ओळींचे पत्र होते, आणि त्यात ‘आमची चूक झाली’ हे तीन शब्द कुठेही नव्हते. मंजुरीही एका वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा सिद्ध करायचे. त्या पत्राच्याही तळाला सोनेरी अक्षरे होती. ती कोणती, हे तुम्ही ओळखले असेल. माझ्या आयुष्यात ते पत्र महत्त्वाचे नाही. महत्त्वाची आहे ती दुपार.

खारूने आईच्या हातातून मला ओढून घेतले.

“खारू, नको,” आई म्हणाली.

“मी खरं तेच लिहिणारे, आई.”

खिडकीच्या फळीवर एक पेन होते, दोरीने खिळ्याला बांधलेले. खारूने टाचा उंचावून मला फळीवर उघडे ठेवले. तीन एप्रिल. ती घाबरली होती, आणि कशाला घाबरली होती हे फक्त मला आणि आईला माहीत होते. तिने पेन टेकवले, डोळे मिटले, उघडले. काही झाले नाही. मग तिने लिहिले, ‘आज फिट आली नाही.’

पान उलटले. ‘आज फिट आली नाही.’

“अगं, हे काय?” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “बाजूला बाकावर बसून लिही.”

“पेन बांधलेलं आहे, मावशी.”

“मग घरून लिहून आण.”

“पाचला बंद होते ना खिडकी?”

रांगेतून कोणीतरी ओरडले, “ओ, किती वेळ अजून?”

बाबांनी मोजलेच होते. “दोनशे चौपन्न पानं,” ते म्हणाले.

रांग कुरकुरली. मग बाबांच्या मागच्या काठी धरलेल्या आजोबांनी खिशातले चष्म्याचे घर काढले, चष्मा लावला आणि खारूच्या खांद्यावरून वाकून एक अख्खे पान वाचले. त्या इमारतीत मला वाचणारा तो पहिला माणूस. “लिही, बाळा,” ते म्हणाले. “मी तीन महिने थांबलोय. दोन तासांनी काय होतंय?”

खारू लिहीत राहिली. जून संपला तेव्हा तिची बोटे निळी झाली होती. सायकलवरून पडली त्या पानावर ती थबकली, आणि तिने लिहिले, ‘पडले. पण फिट नव्हती.’ आई तिच्या मागे उभी होती. ती आता तळवा पानावरून नाही, खारूच्या पाठीवरून फिरवत होती, दर पानाला एकदा.

पाचला दहा मिनिटे कमी असताना बारा डिसेंबर आला. ‘आज फिट आली नाही. खूप लिहिलं.’ खारूने मला काचेखालून आत सरकवले. “लिहिलंय, मावशी,” ती म्हणाली. “सगळं स्कॅन करा.” बाईंनी माझ्याकडे पाहिले, तिथल्याही भिंतीवर चिकटवलेल्या ‘कोरी पाने स्कॅन करू नयेत’ या सूचनेकडे पाहिले, आणि पोच लिहायला घेतली.

“एक मिनिट,” खारू म्हणाली, आणि मला पुन्हा बाहेर ओढले. तिने तेरा डिसेंबरचे पान उघडले. ते कोरे होते. पेन अजून तिच्या हातात होते. ते तिने खाली ठेवले, आईसारखा तळवा पानावरून एकदा फिरवला, आणि मला मिटले.