कुमुद उद्यापासून बसणार

मित्रांनो, मी एक जुनी पाटी. आजवर मला वाचून कुणी रडलं नव्हतं. परवा रडलं, आणि तेव्हापासून मी हादरलेली आहे.

आधी माझी ओळख, नाहीतर म्हणाल ही कोण म्हातारी बडबडते. शिरढोणच्या एका सुताराने उरल्यासुरल्या सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं, काळा रंग दिला. शाळेत जायचं माझ्या नशिबी नव्हतं. मी थेट कळंबोलीला आले, लोखंड बाजारामागच्या खानावळीत. अंगावर उमटली तेवढीच अक्षरं मला येतात : वांगं, वाटाणा, सुकट, भाकरी. पण माझ्यावर लिहिल्याशिवाय इथे चूल पेटत नाही, हे मी छाती ठोकून सांगते! ट्रकवाले आधी मला वाचतात, मग हात धुतात. बावीस वर्षांत मला नवा रंग मात्र कुणी दिला नाही. टेबल पुसायच्या फडक्यानेच माझं तोंड पुसतात. असो.

कुमुद गव्हाणची. आम्ही दोघी एकाच आठवड्यात इथे आलो. ती उभ्याने तांदळाच्या भाकऱ्या थापते, दिवसाला दोनशे. मन भारी हळवं. भाकरी छान झाली म्हटलं तरी डोळे भरतात, काहीच म्हटलं नाही तरी भरतात. आमची मॅनेजर शोशाना वयाने लहान, कामाला पक्की, पण बोलायला कंजूष. समोरचं माणूस रडायला लागलं की ही गांगरते. म्हणून सांगायचं ते माझ्यावर लिहिते आणि आत पळते.

परवा सकाळी तिने लिहिलं : मैना – भाजी. आनंदा – भांडी. आणि खाली : कुमुद उद्यापासून बसणार.

कुमुदने वाचलं. हातातला पिठाचा गोळा परातीत पडला.

"मैने, मना घरी बसवली गो! बावीस वर्सं भाकऱ्या थापल्या, आन आज घरी बसवली!"

मी थिजले. अक्षरं माझ्याच अंगावरची, आणि त्यांनी बाईची भाकरी हिरावली? मला पुसायला तोंड आहे, बोलायला नाही.

कुमुदने हात झटकले आणि चपला शोधायला लागली. आरडाओरडा ऐकून शोशाना धावत आली. "अहो कुमुदताई, घरी नाही! बसून काम करणार, असं लिहिलंय. गुडघे दुखतात ना तुमचे? चोळताना रोज बघते मी. स्टूल आणलंय मी. यात रडण्यासारखं काय आहे?"

झालं! खरं कळूनही कुमुद उंबऱ्यावर बसून दुप्पट रडायला लागली. ते शेवटचं वाक्य नडलं, मित्रांनो.

मैना भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्याडम, स्टूल कुटं पलून जात नाय. आदी तिचा ऐकून घ्या."

शोशाना उंबऱ्यावर कुमुदशेजारी बसली. पहिल्यांदाच.

कुमुद नाक ओढत म्हणाली, "गुडघं दुखतान, ह्या मी कुनाला सांगितला नवता. सांगितला त काडून टाकतील म्हनून. आन तुमी बसनार म्हनून पाटीवर लिवलात!"

"तुम्हाला भीती वाटली," शोशाना म्हणाली.

"वाटली त."

"मलाही तुमच्याशी बोलायची भीती वाटते. म्हणून लिहिलं. चुकलं माझं."

कुमुदने रडणं थांबवून तिच्याकडे रोखून पाहिलं. "मना भितेस? मी काय वाघीन हाय?"

मैना फिसकन हसली. मग शोशानाने हुकूम केला नाही, विचारलं, "बसून बघाल का?"

कुमुद बसली, दोनदा हलून पाहिलं, आणि म्हणाली, "उंच हाय. पाय लोंबतान."

आज त्या स्टुलाचे पाय चार बोटं कापलेत. कुमुद बसून थापते, आणि शोशाना कालपासून सकाळी तिच्याशेजारी उभी राहून कामं सांगते. माझा धक्का मात्र ओसरलेला नाही. तीन शब्द! तीन शब्दांनी बावीस वर्षं राबलेलं माणूस दारापर्यंत नेलं.

मित्रांनो, सोबत काम करणारं माणूस हळवं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याचं आधी ऐका. रडलं तर रडू द्या, त्याने कुणी बुडत नाही. माझ्यावर भाजीचं नाव लिहा, मी मिरवीन. माणसाला मात्र तोंडाने सांगा.