मागच्या दालनापासून

खांबताई हे नाव तिला सहकाऱ्यांनी ठेवलं होतं. संग्रहालयात एकोणीस वर्षं एका जागी उभं राहून पहारा देणाऱ्या बाईला दुसरं काय नाव ठेवणार? पण आता खांबाचे गुडघे कुरकुरायला लागले होते. उभं राहायचं काम सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि नेमकी तेव्हाच गाईडची एक जागा निघाली. चालायचं, बोलायचं, दमलं की बसायचं. अट एकच, युरोपच्या तीन दालनांची तोंडी परीक्षा. त्यात नापास झाली की नोकरीच संपली.

परीक्षेला दोन दिवस उरले तेव्हा नणंद उजळणी घ्यायला बसली. नणंद निवृत्त शिक्षिका, त्यामुळे दयामाया नाही.

"वहिनी, क्रमानं सांगा बघू."

"आधी चिलखतवाले सरदार आणि लाकडी संत. मग रोमन. मग सुधारत सुधारत शेवटी ग्रीक."

नणंदेने कपाळाला हात लावला. "अहो, सगळं उलटं! ग्रीक आधी, मग रोमन, मग हजार वर्षांचं मध्ययुग."

"काहीतरीच काय! ग्रीक पुतळ्याचा गुडघा बघा, आत्ता वाकेल असा. संत बिचारा फळीसारखा ताठ. मग नवं कोण?"

तिचीही चूक नव्हती. मुख्य दार उघडत होतं मध्ययुगाच्या दालनात, आणि ग्रीक अगदी मागे. लोक ज्या क्रमानं दालनं बघत, तोच तिचा इतिहास. पाट्या वाचायला ती तिथे उभी नव्हती, तिचं लक्ष पुतळ्यांना लागणाऱ्या लोकांच्या हातांवर.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय बंद होतं, पण पहारा होताच. ती मागच्या दालनापासून पुढे चालत निघाली, हातात नणंदेची वही. रोजचेच पुतळे, पण आज सगळेच काहीतरी सांगायला लागले. रोमन माणसाच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या तिने आत्ताच ग्रीक बाईच्या अंगावर पाहिल्या होत्या. पुढे जाऊन ती लाकडी संतापुढे उकिडवी बसली, गुडघे ओरडले तरी. संताच्या पायाशी त्याच चुण्या! ताठ, अवघडलेल्या, पण त्याच. तिला हसू आलं, आणि मग प्रश्न पडले. एवढं येत होतं ते विसरलं कोण? आणि विसरूनही इथवर आणलं कोणी? वहीत मठांत जुन्या ग्रंथांच्या नकला करणाऱ्यांबद्दल आणि अरबी भाषांतरांबद्दल चार ओळी होत्या. दालनात मात्र त्या माणसांची एकही पाटी नव्हती. तिला चक्क राग आला.

परीक्षेला संग्रहालयाच्या प्रमुख बाई आणि दोन अधिकारी मुख्य दाराशी हजर. खांबताई त्यांना घेऊन थेट मागे निघाली.

"परीक्षा आहे की पायपीट?" एक अधिकारी पुटपुटले.

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ग्रीक पुतळ्याचा गुडघा दाखवला, चुण्या दाखवल्या, लाकडी संतासमोर आणून उभं केलं. पुटपुटणारे साहेब चष्मा काढून वाकले.

प्रमुख बाईंनी विचारलं, "रोमची सत्ता कोसळल्यावर हे ज्ञान टिकलं कसं?"

पाठ केलेली शतकं तिच्या डोक्यातून साफ उडाली.

"कोणीतरी राखलं, बाई," ती म्हणाली. "मठात ग्रंथांच्या नकला करणारे होते, अरबीत उतरवणारे होते. त्यातल्या काहींना आपण काय राखतोय हे पुरतं कळलंही नसेल. मला तरी कुठे कळलं होतं? एकोणीस वर्षं मी हे सगळं उलटंच समजत होते. पण एकाही पुतळ्याचं बोट तुटू दिलं नाही."

प्रमुख बाईंनी प्रश्नांची यादी मिटली, दाराजवळची खुर्ची स्वतः उचलून आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "नेमणुकीच्या कागदावर सही करायची आहे."