आधी सोनं कोणी द्यायचं

दसरा जवळ आला की लोकांना घर आवरायचं सुचतं. मला भावांना फोन करावे लागतात, आणि तिथेच माझं डोकं उठतं.

मला दोन भाऊ आहेत, जुळे. दोघंही माझ्याहून मोठे, म्हणून दोघांनाही मी दादाच म्हणते. मनातल्या मनात मात्र एक चष्मा आणि दुसरा कुलूप. एकाचं चष्म्यांचं दुकान, दुसऱ्याचं चाव्या बनवायचं. दोन्ही दुकानं एकाच चौकात समोरासमोर, आणि चेहरे इतके सारखे की गिऱ्हाईकं हमखास फसतात. एखादा माणूस चावी मागायला चष्म्याच्या दुकानात शिरला, तर चष्मा त्याला "तो तिकडे" एवढंच सांगतो. भावाचं नाव घेत नाही.

हे सगळं सुरू झालं बाबा गेल्यावर. दसऱ्याला आपट्याची पानं, म्हणजे आपलं सोनं, धाकट्याने थोरल्याच्या घरी जाऊन द्यायचं आणि पाया पडायचं, ही आमच्या घरची रीत. बाबा होते तोवर दोघंही त्यांच्या हातात पानं ठेवायचे आणि विषय संपायचा. बाबा गेले त्या वर्षी दोघंही नवे कपडे घालून, आपापल्या घराचं दार सताड उघडं टाकून दुसऱ्याची वाट बघत बसले. कोणीच कोणाकडे गेलं नाही. ते आजतागायत बसलेलेच आहेत.

कुलूप आधी जन्मला, हे दोघांनाही मान्य आहे. भांडण त्याच्या पुढचं आहे. कुलूप म्हणतो, आधी आला तो मोठा, यात वाद कसला? चष्मा म्हणतो, पोटात जो आधी बसला तो आत सरकला आणि मागून बाहेर आला, तेव्हा मागून आला तो मोठा, जुन्या लोकांना विचारा. जुन्या लोकांना विचारलं तर त्यांच्यातही दोन तट पडले. मी शाळेची व्हॅन चालवते. दिवसभर मागच्या सीटवर पोरांची भांडणं चालू असतात, पण आपापलं घर येईपर्यंत ती मिटतात तरी.

या दोघांच्या पायी माझी फरपट. मी सगळ्यांत धाकटी, म्हणजे मला दोघांकडे जाणं आलंच. पण आधी कोणाकडे? ज्याच्याकडे आधी जाईन तो मोठा ठरतो. म्हणून एका वर्षी आधी इकडे, दुसऱ्या वर्षी आधी तिकडे. दार उघडल्या उघडल्या प्रश्न ठरलेला, "त्याच्याकडे जाऊन आलीस का?" हो म्हटलं की तोंड फुगतं. नाही म्हटलं की तोंड इतकं खुलतं की ते बघून मला जास्त संताप येतो. आईला व्हॅनमध्ये पुढे बसवून मी दोन्ही घरी न्यायची, आणि सणासुदीचा सगळा वेळ गाडी काढण्यात आणि लावण्यात जायचा.

या वर्षी तेही बंद झालं. आई माझ्याकडे राहते, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिला आता जिना झेपत नाही. डॉक्टरांनी तिचं हृदय थकलंय असं सांगितलं तेव्हापासून पुढच्या वर्षाबद्दल घरात कोणी बोलत नाही. घट बसले त्या दिवशी मी परडीतल्या मातीत धान्य पेरत होते. आई खुर्चीत बसून कुठे दाट पडलं, कुठे विरळ, ते सांगत होती. मधेच म्हणाली, "या दसऱ्याला दोघांनी एकदम यायचं. एकदम माझ्या हातात सोनं द्यायचं. एकेकटा आला तर मी हात पुढे करणार नाही. एकदा दोघांना शेजारी शेजारी बघू दे, मग मला काही मागायचं नाही."

मी आधी सरळ मार्गाने गेले. कुलपाला फोन केला. तो म्हणाला, आधी त्याला माझ्याकडे येऊन सोनं देऊ दे, मग दोघं मिळून आईकडे येतो. चष्म्याला फोन केला. तो अक्षरशः तेच बोलला. मी रडले, ओरडले, आईच्या तब्येतीचं सांगितलं. दोघांचंही मन भरून आलं, दोघांनीही आईसाठी फळं पाठवली, आणि तसूभरही हलले नाहीत. आपल्या माणसांवर इतका राग येऊ शकतो हे मला त्या आठवड्यात कळलं. परडीतली रोपं वीतभर वाढली आणि मी होते तिथेच होते.

शेवटी मी थाप मारली. दोघांनाही सांगितलं, तू दिवेलागणीला ये, तो जेवणाच्या वेळी येणार आहे.

दसऱ्याच्या सकाळी मी व्हॅन धुतली, तिला हळदकुंकू लावलं, पुढे झेंडूची माळ घातली आणि मनात म्हटलं, बाई, आज तूच सांभाळ. संध्याकाळी चष्मा आधी वर आला. आईच्या पाया पडला, पण आईने खरंच हात पुढे केला नाही. तो पानं हातात धरून सोफ्यावर बसला आणि माझ्याकडे संशयाने बघायला लागला. तेवढ्यात खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मी गॅलरीतून पाहिलं तर कुलूप गाडीतून उतरला, चष्म्याची स्कूटर त्याच्या नजरेला पडली, आणि तो पुन्हा गाडीत बसायला लागला.

जिन्यावरून मी कशी उतरले ते माझं मला ठाऊक. व्हॅन सुरू केली आणि त्याच्या गाडीला आडवी लावली. तो काच खाली करून म्हणाला, गाडी काढ. मी म्हटलं, नाही काढत, आणि व्हॅनची चावी ब्लाऊजमध्ये टाकली. चाव्यांचा धंदा करणाऱ्या माणसाला माझ्यासमोर हात चोळत उभं राहावं लागलं. आसपासच्या गॅलऱ्यांमधून माणसं बघायला लागली तेव्हा लाजेकाजेस्तव तो वर आला.

घरात सोफा एकच. दोघं दोन टोकांना बसले, मधे एक माणूस आरामात झोपेल इतकी जागा सोडून. मी चहा दिला. दोघांनीही कप डाव्या हाताने धरला आणि मग फुंकर मारली, अगदी सारखीच. आई टक लावून बघत होती. मला वाटलं, जमलं. मी म्हटलं, चला, द्या आता सोनं.

कोणी उठेना. मग दोघं एकदम उठले, आणि एकमेकांना पाहून दोघंही थांबले. कुलूप म्हणाला, रीत अशी आहे की आईला आधी मोठ्याने द्यायचं. चष्मा म्हणाला, मग सरक बाजूला. झालं. पोटात कोण आधी बसलं इथपासून सुरुवात झाली. आईच्या पुढ्यात, तिच्याच पोटाबद्दल. मला दोघांच्या टाळक्यात किटली घालावीशी वाटली. मी खरंच किटली उचलली होती.

"बसा," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण दोघं बसले.

"आधी जन्मला त्याच्या मनगटाला मी काळा दोरा बांधला होता," ती सांगायला लागली. "ओळखू यावा म्हणून. बारसं झालं, नावं ठेवली. मग तुमची पहिली दिवाळी आली. पहाटे तुम्हा दोघांना तेल लावलं, उटणं लावलं, न्हाऊ घातलं. आणि बघते तर दोरा घंगाळात तरंगतोय. दोघांचे हात मोकळे. दोघं सारखेच बुळबुळीत, सारखेच रडताय. तुमचे बाबा बाहेर ओवाळणीसाठी हाका मारत होते. मी घाबरले. जो जवळ होता त्याच्या हाताला दोरा बांधला आणि बाहेर आले."

मी किटली खाली ठेवली.

"आधीचा कोण, मागचा कोण, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ज्याला मी इतकी वर्षं ज्या नावाने हाक मारते, तो तोच आहे की दुसरा, तेही माहीत नाही. तुमच्या बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. ते गेल्यावर तुम्ही भांडायला लागलात, मग तर जीभच उचलेना."

खरं सांगते, मला आनंद झाला. आता भांडायला उरलंय काय? आता हसतील, एकमेकांच्या गळ्यात पडतील, आणि मी सुटेन.

चष्मा माझ्याकडे वळला आणि त्याने हळूच विचारलं, "हे असं कधीपासून बोलते ही?"

"मला गेल्या महिन्यात फोनवर तुझ्या नावाने हाक मारली तिने," कुलूप म्हणाला. माझ्याशी नाही, चष्म्याशी.

"मलाही. तुझ्या नावाने. मी म्हटलं, असेल चुकून."

"चुकून नाही. डोक्यावर परिणाम झालाय."

"माझ्याकडे एक डॉक्टर येतात चष्म्याला, मेंदूचेच आहेत. विचारून बघतो."

"विचार. मी पण येतो बरोबर."

एका वाक्यामागून दुसरं वाक्य, जसं काही मधली वर्षं गेलीच नाहीत. सोफ्यावरची जागा केव्हा भरली ते मला कळलंही नाही. मी म्हटलं, अरे, ती शुद्धीवर आहे, तुमच्यापेक्षा जास्त शुद्धीवर आहे. दोघांनीही एकाच वेळी डोळ्यांनी मला गप्प केलं. दोघं उठले, वाकले, आणि आजाऱ्याची समजूत काढावी तशी आईच्या ओंजळीत पानं ठेवली, एकदम. "घे आई, सोनं घे. जास्त विचार करू नकोस." आईने दोन्ही हात पुढे केले होते. पानं मांडीवर ठेवून तिने दोघांच्या डोक्यांवर हात ठेवले.

मी खाली जाऊन व्हॅन काढली. चष्म्याने स्कूटर तिथेच ठेवली आणि तो कुलपाच्या गाडीत बसला, डॉक्टरांना आत्ताच गाठू म्हणून. मी वर आले ती धुमसतच. आयुष्यभर पोटात ठेवलेलं त्या बाईने एकदाच बाहेर काढलं, आणि पोटच्या पोरांनी तिला वेडी ठरवलं. उद्या डॉक्टर येतील, तिला आज वार कोणता आणि पंतप्रधान कोण ते विचारतील. मी तिला म्हटलं, मी सांगते दोघांना, शपथेवर सांगते, हे खरं आहे म्हणून.

"एकाच गाडीतून गेले ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग नको सांगूस," आई मांडीवरची पानं गोळा करत म्हणाली. "माझं डोकं फिरलंय, एवढ्यावर तरी त्यांचं पटलंय. ते मोडू नकोस. मी आहे तोवर वेडीच राहते."